पोशेऱ्यात चमकलेली काच

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी फिजिक्समध्ये पीएच.डी. करतेय... आणि ती सगळी एका काचेवर अडली होती.

नाशिकच्या लॅबमध्ये मी काचेच्या पट्ट्यांवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढवते. त्यात एखादा ऑक्सिजनचा अणू गळालेला असला, की यूव्ही टॉर्चखाली ती रिकामी जागा हिरवी चमकते. दोष असेल तरच उजेड! माझ्या पट्ट्या ठार काळोख्या. सर म्हणाले, "तुमच्या थरात दोषच नाहीत. सोमवारी एक तरी पट्टी चमकली पाहिजे, नाहीतर विषय बदला."

पट्ट्या आणि टॉर्च घेऊन, तोंड पाडून मी पोशेऱ्याला घरी आले.

"काय झालां गं?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"दोस नाय म्हणून सर रागवला? असा सर माना शाळेत पायजे होता!"

आई स्वतः रागावली, की पलीकडच्या पाड्यावरच्या कोंबड्या खुराड्यात शिरतात.

आमच्याकडे नवी वस्तू घरात आली, की आधी भाताच्या कणगीवर ठेवतात — कणसरीपुढे, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीपुढे. आईने एक पट्टी उचलून तिथे ठेवली. वर भाताचे दाणे, आणि बोटांचे ठसे! मी किंचाळले. एरवी तिने मला सोलून काढलं असतं, पण ती कणगीकडे वळून काहीतरी पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पट्टी पुसली आणि घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात सहज टॉर्च मारला... अख्खी पट्टी हिरवीगार, भाताच्या रोपांसारखी! मला रडूच आलं. बाकीच्या पट्ट्या मात्र तशाच काळ्या.

सोमवारी सरांच्या मशीनवरही ती चमकली. विषय वाचला. मग मी दुसऱ्या पट्ट्यांना ठसे लावले, दाणे ठेवले, चुलीचा धूर दिला. काही नाही.

शेवटी आईला विचारलं, "कणसरीला काय सांगितलंस?"

"सांगलां, पोरीच्या काचंत दोस नाय. माझा राग हाय, तो घे नि तिच्यात घाल."

हसू नका. त्या दिवसापासून आई एकदाही ओरडलेली नाही. परवा बकरीने तिचं वाळत घातलेलं नवं लुगडं चघळलं, तर म्हणाली, "खाऊ दे, भूक लागली असंल." माझ्या अंगावर काटा आला!

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. सरांना आणखी पट्ट्या हव्यात, आणि आई म्हणते तिच्यात आता दोष उरला नाही. म्हणून येत्या शनिवारी कणगीपुढे बाबांना बसवणार आहोत.

"त्यांच्याकडं साठा मोठा हाय," आई म्हणाली... अगदी शांतपणे.