सुखी घराचं चित्र

चर्चच्या हॉलमध्ये जुनी अमेरिकन छापचित्रं लावली होती, ख्रिस्ती जोडप्यांना संसाराचा उपदेश करणारी. एकात सुखी घर, शेजारच्यात दुःखी. नवऱ्याचं तोंड दोन्हीकडे उघडं होतं. इथे तो बायबल वाचतोय, तिथे खेकसतोय. बायकोचं मात्र दुःखी घरातच उघडं. सुखी घरात ती मुकाट्याने शिवत बसलेली. सातासमुद्रापलीकडून आलेला उपदेशही आमच्या आईचाच: बाईने तोंड मिटून राहावं.

"हिला काहीच बोलायचं नसेल का?" मी नवऱ्याला विचारलं.

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," तो म्हणाला आणि रेघा किती नाजूक कोरल्यात ते मला समजावू लागला.

चित्राच्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो, तो बोलणारा, मी ओठ मिटलेली. सुखी घरातलेच वाटत होतो.