दादांनी हुंगलेलं दूध

वाशी तालुक्यातलं आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळानं गोठे रिकामे केले. पुढं कर्ज काढून एकेक म्हैस आली, दूध सोसायटी निघाली, आणि दूध घ्यायला माझ्या वडिलांना, दादांना, बसवलं ते त्यांच्या नाकामुळं. प्रत्येक किटली ते नाकाशी नेणार, मगच मोठ्या कॅनमध्ये ओतणार. एकाचं आंबलेलं दूध आत गेलं की सगळ्या गावाचं नासायचं. "रात्रीचं मिसळलंयस बाई, ने परत," असं तोंडावर सांगायचे. सख्ख्या बहिणीचं दूधही परत पाठवलं त्यांनी. आत्या त्या साली राखीला आली नाही.

मग पुन्हा पाऊस रुसला, कडबा मिळेना, आणि त्याच उन्हाळ्यात तालुक्याच्या डेअरीतून कॅनच्या कॅन नासले म्हणून परत येऊ लागले. आधी लोक म्हणाले, ऊन लई हाय. मग म्हणाले, म्हातारा पैसे खाऊन आंबलेलं दूध घेतोय. अरे, ज्यानं बहिणीला सोडलं नाही, तो पैसे खाईल? पण विचार कोण करतो! सोसायटीनं त्यांना काढून टाकलं. नाकच गेलं असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दादांच्याही नाही. "मला तर ताजंच वाटलं की," एवढंच ते म्हणत राहिले.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "खरं सांगा, घेतलं का कुणाकडनं?"

दादांनी ताट सारलं. "तूबी?" म्हणाले, आणि न जेवता उठले. मला आईचा असा संताप आला होता!

पुढं दादा शेताची वाट विसरले, जेवल्याचं विसरले, मला विसरले. गाव म्हणालं, तोंड लपवायला सोंग घेतलंय.

खूप वर्षांनी माझ्या सासूबाईंचं तसंच झालं, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी समजावलं. मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचतात. आजूबाजूची दुसरी प्रथिनं त्यांना येऊन चिकटतात. काही साफसफाईला आलेली असतात, तीही तिथंच अडकतात. काहींमुळं गाठ आणखी वाढते. मला आमचा कॅनच आठवला. मग ते सहज बोलून गेले, "पुष्कळांचा वास आधी जातो, ताई. विसरणं मागून येतं."

कधी एकदा आईला सांगते असं झालं, आणि मग आठवलं, आई कधीच गेली. जळो ते उशिरा आलेलं शहाणपण! कुणाला सांगू मी ते?

शेवटी शेवटी दादांना एवढंच उरलं होतं. दारात कुणीही आलं की हात जोडायचे, "म्या न्हाय वं खाल्लं कुणाचं." आई त्यांचे हात खाली घ्यायची, पेजेचा घास भरवायची आणि मायेनं म्हणायची, "जाऊ द्या आता. म्या माफ केलंय तुमाला."