सदूचं चिलखत

सदू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "सायकलवरून पडला?" त्याची मुलगी म्हणाली, "नाही हो काका, अंगणात सुपारी सोलता सोलता गेले. हार्ट अटॅक." सायकल नव्हती म्हणून मला क्षणभर बरं वाटलं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

श्रीवर्धनच्या आमच्या आळीत सदूसारखा पोफळीवर चढणारा माणूस नव्हता. उघड्या अंगानं, पायात दोरीचा फास घालून सरसर वर जायचा आणि झाडाला झोका देऊन वरच्या वर दुसरी पोफळ धरायचा. खाली आम्ही डोळे मिटून घ्यायचो. हाच माणूस साठीला आल्यावर, मुलीनं दिलेल्या डोंगरात चालवायच्या सायकलवर बसला तो हेल्मेट, गुडघ्यांना आणि कोपरांना पॅड, वर छातीला कासवाच्या पाठीसारखं कवच बांधून. मी म्हटलं, "अरे, चाळीस फुटांवर तुला काही लागत नव्हतं, आणि दोन हात उंचीवर बसायला एवढा सरंजाम?" मी शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी त्याच्यासाठी मी मास्तरच. शांतपणे म्हणाला, "मास्तर, झाडं मला ओळखतात. ही सायकल नवी हाय."

पॅड कडक लागतात म्हणून या पठ्ठ्यानं पहिल्याच दिवशी ते हौदात भिजत टाकले. आमच्याकडे द्रोण लावायच्या आधी पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं चिवट आवरण, असंच भिजवून मऊ करतात. विरी मऊ होते, पॅडांनी मात्र पोटभर पाणी प्यायलं. दुसऱ्या दिवशी म्हसळ्याच्या बाजूच्या लाल उतारावर सदू निघाला तो प्रत्येक पायडलला दोन्ही गुडघ्यांतून पाणी गाळत. मागून मी माझ्या जुन्या सायकलवर, हसून हसून बरगड्या दुखेपर्यंत. पुढे आठवडाभर त्या पॅडांना असा कुबट वास येत होता की वहिनी त्याला ओसरीवर चढू देत नव्हत्या. पण पडला एकदाही नाही. मी दोनदा पडलो.

मग वैशाखातली ती चढण... अर्ध्यावर थांबला आणि म्हणाला, "मास्तर, छाती दाबल्यासारखी वाटतेय." मी म्हटलं, "वाटणारच. किती आवळलंयस ते कवच. पट्टा सैल कर." त्यानं केला. जरा बरं वाटतंय म्हणाला. मग वर जाऊन आम्ही करवंदं खाल्ली.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. तेराव्यानंतर वहिनींना सांगायला गेलो. त्या रागावल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. त्या सुपारी निवडत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, मला पण म्हणाले होते, त्याच आठवड्यात. मी पण तेच सांगितलं... पट्टा सैल करा."

कवच अजून ओसरीवरच्या खुंटीला आहे. त्याचा पट्टा पार टोकापर्यंत सोडलेला आहे, थोडा माझ्या सांगण्यावरून, थोडा त्यांच्या.