लॉर्डसाहेबांनी आणलेला नारळ

विलायतेच्या वरिष्ठ सभागृहात बसलेल्या, जुन्या जहागिरीच्या धन्याची आणि माझी ओळख आमच्या ओटीवर झाली. लॉर्डसाहेबांच्या साठीच्या सत्कारानिमित्त लिहिताना तीच आठवण आधी येते. काही चुकीचे लिहिले जाऊ नये, म्हणून हा मजकूर वडिलांना वाचून दाखवला आहे.

हिंदुस्थानला स्वराज्य द्यावे, या आग्रहापायी मंत्रिपद सोडून साहेब बाईसाहेबांसह धसईला येऊन राहिले. बाईसाहेब दवाखाना चालवीत आणि साहेब औषधाच्या बाटल्या धुऊन देत. आमची आजी त्यांना गडी समजून म्हणाली होती, "नीट घास रे बाबा!" साहेबांनी ती बाटली पुन्हा घासली.

मी धसईची शाळा संपवली. पुढे मुरबाडला राहून शिकायचे होते, पण घरात माझ्या लग्नाचे बोलणे सुरू झाले होते. गुरुजींकडून हे कळताच साहेब व बाईसाहेब सिद्धगडाच्या पायथ्याशी आमच्या पाड्यावर आले. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्यांनी नारळ आणि साखर आणली होती. वडिलांनी दोन्ही देवापुढे ठेवले आणि विचारले, "मुलगा काय करतो?"

साहेबांना वाटले, घरची विचारपूस चालली आहे. "थोरला फौजेत आहे. किताब, जमीन, सारे त्यालाच मिळेल."

आतून आजी कडाडली, "जमीन असू दे नायतर डोंगर! गोऱ्याच्या घरी पोर नाय देणार!"

बाईसाहेबांना हसू आवरेना. "अहो, आपण सोयरीक घेऊन आलो असे वाटले त्यांना!"

साहेब लाजले. मग म्हणाले, "मुलगी मागायलाच आलो आहे, पण शाळेसाठी. माझी बहीण माझ्याहून हुशार. घराण्याने मला शिकवले, सभागृहात बसवले. तिला लग्नापुरते शिकवले. माझी भाषणे ती लिहायची, नाव माझे व्हायचे."

"यवढ्या मोठ्या घरात पण असाच?" वडिलांनी विचारले.

"असेच."

वडिलांनी देवापुढच्या नारळाकडे बोट केले. "नारळ घेतला म्हंजे आमी शब्द दिला. आता परत कसा देऊ? पोर शाळेला दिली."

"मग भाकर खाल्ल्याबिगर जाऊ नका," आजी म्हणाली.

त्या बहिणीने पुढे विलायतेहून माझ्यासाठी लोकरीचा अंगरखा विणून धाडला. मुरबाडच्या उन्हात तो घालवेना. पेटीत जपला आहे. आज मी शहापूरला मुलींना शिकवते.

सत्काराच्या दिवशी वडील नारळ आणि साखर घेऊन येणार आहेत. साहेबांनी तो नारळ विचार करूनच हाती घ्यावा. आमचे मागणे मोठे आहे: त्यांनी शंभर वर्षे जगावे, धडधाकट राहावे, आणि इथेच राहावे.