नीलपंखला लिहिलेलं पत्र

खुशालराव तायडे मशीनपाशी उभे राहिले की आधी हात लावत नाहीत, कान लावतात. अकोटच्या जिनिंगमध्ये सतराव्या वर्षी तेल घालायला लागले तेव्हापासूनची ही सवय. आता वय अठ्ठावन्न. राहणं बायकोसोबत अमरावतीत, राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर, आणि नोकरी कापसातून सरकी वेगळी करणारी जिन-मशीनं बनवणाऱ्या अकोल्याच्या एका कारखान्यात. मशीन गुंटूरला विकलेलं असो की भटिंड्याला, ते अडलं की कारखाना खुशालरावांनाच धाडतो. हंगामात जिन एक दिवस बंद पडलं तरी मालकाच्या तोंडचं पाणी पळतं, म्हणून गेली सात वर्षं ते नागपूरहून विमानाने जातात. कारखान्याचं तिकीट नेहमी एकाच कंपनीचं, नीलपंखचं. इतक्या फेऱ्या झाल्या की कंपनीने त्यांना सोनेरी कार्ड दिलं आणि नावापुढे 'विशेष प्रवासी' लावलं.

नीलपंखवर त्यांचा जीव होता. भाची दीक्षा बारावी झाली तेव्हा तिला एअर होस्टेसच्या परीक्षेला बसवलं ते त्यांनीच. दीक्षा म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची, बेबीताईची, एकुलती एक लेक. बेबीताई अकोल्यात अंगणवाडीत मदतनीस. नवरा दीक्षा लहान असतानाच गेला. भावकीतले लोक म्हणत, पोरीले असं हवेत कायले पाठवता? खुशालराव म्हणाले, "मी रोज बसतो त्या इमानात. चांगली कंपनी हाय. पोरगी माह्या भरवशावर जाऊन राहिली." दीक्षा निवडली गेली, हैदराबादला प्रशिक्षणाला गेली, आणि वर्षभरात निळ्या गणवेशातला तिचा फोटो बेबीताईच्या घरी बुद्धमूर्तीच्या शेजारी लागला.

फिटर माणूस विमानात बसला तरी फिटरच. खुशालरावांच्या खिशात छोटी डायरी असे. सीटचा हात डुगडुगतो, पुढचा ट्रे खटक्यात बसत नाही, वरच्या कप्प्याचं झाकण पट्टीने चिकटवलेलं आहे, असं ते लिहून ठेवत. सोबत विमानाचा नंबरही टिपत. त्यामुळेच त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. जून महिन्यात ज्या विमानात मधल्या वाटेवरचे जमिनीतले दिवे लागत नव्हते, तेच विमान त्यांना फेब्रुवारीत पुन्हा मिळालं, आणि दिवे तसेच मेलेले होते. धूर झाला, अंधार झाला तर माणसांनी दाराकडे जायचं ते याच दिव्यांच्या अंदाजाने. आठ महिन्यांत तिथे कुणी वाकून पाहिलं नव्हतं. शेजारी बसलेला औषध कंपनीचा माणूसही नेहमी जाणारा होता. तो म्हणाला, "अहो, मी दोनदा तक्रार केली. 'कळवल्याबद्दल आभार' एवढंच येतं."

मार्चमध्ये नीलपंखकडूनच पत्र आलं. विशेष प्रवाशांनी आपली निरीक्षणं मोकळेपणाने कळवावीत, आम्ही शब्द न् शब्द वाचू, असं त्यात होतं. खुशालरावांना हुरूप आला. शिकवणी वर्गाच्या कॉम्प्युटरवर बसून त्यांनी दोन दिवसांत चार पानं लिहिली. साडेतीन पानं विमानांच्या देखभालीची, तारखा आणि नंबरांसह. शेवटच्या अर्ध्या पानात त्यांनी लिहिलं, की तुमचे कर्मचारी भले आहेत. पुढच्या रांगा रिकाम्या असल्या की त्यांच्या आईवडिलांना तिथे बसवता, खाऊचा डबा देता, हे पाहून बरं वाटतं. आपल्या माणसांवर एवढं मन मोठं करता, तर थोडं लक्ष खटक्या-दिव्यांकडेही द्या.

हे लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे बेबीताई होती. कर्मचाऱ्याला दोन वर्षं पूर्ण झाली की आईवडिलांना वर्षातून काही फेऱ्या फुकट मिळत, रिकामी जागा असेल तेव्हा. दीक्षाची दोन वर्षं ऑगस्टमध्ये भरत होती. नोव्हेंबरमध्ये आईला बोधगयेला न्यायचं तिने ठरवलं होतं. बेबीताईने अंगणवाडीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, नवी पांढरी साडीही घेऊन ठेवली होती.

जुलैमध्ये दुपारी दीक्षाचा फोन आला. खुशालराव कारखान्यात रोलर उघडून बसले होते.

"मामा, तुमी कंपनीले काही लिवलं होतं काय?"

"हाव. त्याईनंच मांगतलं होतं. काहून?"

तिने मोबाइलवरून वाचून दाखवलं. सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्रक गेलं होतं. विशेष प्रवाशांनी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या पुढच्या जागा आणि खाद्यपदार्थांकडे लक्ष वेधलं आहे. प्रवाशांच्या भावनांचा आदर करून कुटुंबीयांच्या मोफत फेऱ्या पुढील सूचनेपर्यंत बंद करण्यात येत आहेत. खाली उदाहरण म्हणून एका प्रवाशाचं वाक्य होतं. नाव के. तायडे, अमरावती. वाक्य खुशालरावांचंच होतं, पण अर्धं. 'पाहून बरं वाटतं' गाळलं होतं, आणि दिव्यांचं तर नावही नव्हतं.

"मामा, तुमी इमानात साऱ्याईले माहं नाव सांगत असा. आता क्रूमधल्या पोरी मले इचारून राहिल्या, हे तायडे तुहे मामाच ना म्हणून. मी काय सांगू?"

"दीक्षा, म्या असं नाई लिवलं वं. मायची आन."

"मंग तुमचं नाव कसं आलं?" म्हणत तिने फोन ठेवला.

खुशालरावांनी पाना खाली ठेवला. इतकी वर्षं ज्यांना आपलं म्हटलं, त्यांनी आपल्याच शब्दांनी आपल्या माणसाच्या हक्कावर गदा आणली होती.

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून नागपूरला नीलपंखच्या कार्यालयात गेले. तिथे शेखर नावाचा तरुण अधिकारी होता. त्याने पाणी दिलं, खुर्ची दिली.

"सर, तुमचा फीडबॅक आम्ही फार गांभीर्याने घेतला."

"कोणता घेतला? म्या साडेतीन पानं दिव्याचं अन् खटक्याचं लिवलं. थे कुठी हाय?"

"ते तांत्रिक विभागाकडे पाठवलंय."

"कई पाठवलं? उत्तर दाखवा."

शेखरने स्क्रीनवर बरंच शोधलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू का काका, खर्च कमी करायचं वरच्या साहेबांचं आधीच ठरलं होतं. प्रवाशाचं नाव असलं की युनियन गप्प बसते. तुमच्या पत्रात हवं ते वाक्य सापडलं." एवढं बोलून त्याने टेबलाखालून चाकांची एक निळी बॅग काढली. विशेष प्रवाशांना भेट होती ती.

खुशालरावांनी बॅगेला हात लावला नाही. सोनेरी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे ठेवा तुमच्यापाशी. अन् माह्या नावाचं जे छापलं, थे खोटं हाय असं लिवून द्या." शेखरने नम्रपणे सांगितलं, की तसं लिहून देण्याचा अधिकार त्याला नाही.

मग त्यांनी मूळ चार पानांच्या प्रती काढल्या. एक विमान सुरक्षेच्या सरकारी कार्यालयाला, एक कर्मचारी युनियनला आणि एक दीक्षाला. सरकारी कार्यालयातून पोच आली. सप्टेंबरात तपासणी झाल्याचं युनियनच्या एका माणसाने कळवलं. चार विमानांचे दिवे बदलले म्हणे. फेऱ्या मात्र बंद त्या बंदच राहिल्या.

दीक्षाकडून काही आलं नाही. गणपतीच्या सुट्टीत ती अकोल्याला आली तेव्हा खुशालराव मुद्दाम गेले. तिने चहा आणून ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली.

"वाचलं म्या," ती म्हणाली. "तुमी वाईट नाई लिवलं, मामा. पण आमाले जे मिळत होतं थे त्याईले लिवून सांगाची काय गरज होती? त्याईच्या डोयावर आलं ना मंग."

"चांगलं म्हणून लिवलं होतं, बाई."

"मायीत हाय." तिने कप उचलला, तो अजून अर्धा भरलेला होता. "मले तिथं नोकरी करा लागते. तुमी लिवलं अन् मोकये झाले."

त्या पोरीला त्या विमानात खुशालरावांनीच बसवलं होतं, आणि कंपनी चांगली आहे हेही तिला त्यांनीच सांगितलं होतं.

बेबीताई इतका वेळ भाजी निवडत होती. खुशालराव तिच्याकडे वळले. "बेबी, मी काढतो तिकीट. दुसऱ्या कंपनीचं काढतो. तू अन् मी जाऊ गयेले."

"नाई दादा." ती वर न पाहता म्हणाली. "इमानात बसाची मले हौस नोती. लेकीच्या हक्कानं बसाचं होतं. तिनं माह्या हाताले धरून नेलं असतं, लोकायनं पाह्यलं असतं. थे तिकिटात येते काय?"

नोव्हेंबरात बेबीताई अंगणवाडीतल्या दोन बायांबरोबर रेल्वेने गयेला गेली. स्टेशनवर सामान चढवायला खुशालराव आले होते. दीक्षाला रजा मिळाली नाही, निदान तिने तसं कळवलं. गाडी हलली तेव्हा बेबीताईने खिडकीतून भावाचा हात धरला आणि म्हणाली, "तिले फोन करत राय दादा. ती उचलत नाई तरी करत राय."

खुशालराव दर रविवारी सकाळी फोन करतात. कधी दीक्षा उचलते. तेव्हा ती तब्येत विचारते, मामीला नमस्कार सांगते, आणि ड्यूटी आहे म्हणून ठेवून देते.