पाणी कुठून जाणार?

भिवंडीत कापड अंगात घालण्यासाठी विणतात, ही गोष्ट माझ्या साडूंना आजवर कोणीही पटवून देऊ शकलेलं नाही. त्यांच्या लेखी कापड म्हणजे गाळणी. बंद झालेल्या कचऱ्याच्या डोंगरांवर झाकण घालायचं आणि त्या झाकणातून पावसाचं पाणी सुखरूप बाहेर काढायचं, हा त्यांचा व्यवसाय. कचऱ्यावर जाड प्लास्टिक, त्यावर खडीचा थर, खडीत माती शिरू नये म्हणून गाळणीचं कापड, वर माती आणि गवत, हा सगळा क्रम त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत पापडावर भात आणि भातावर वरण ओतून समजावला होता. वरण पापडावरून घसरून जिलबीत गेलं तेव्हा ते आनंदाने म्हणाले, "बघा, झाला निचरा!" धामणकर नाक्यावर शर्टाचं कापड घेताना त्यांनी पाणी मागितलं. दुकानदार चाचांनी तहान लागली असेल म्हणून प्रेमाने पेला पुढे केला, तर यांनी तो ताग्यावर रिता केला. "अरे साब, ये पहननेका कपडा है, छाननेका नै!" चाचा ओरडले. साडू गंभीरपणे म्हणाले, "पाणी थांबतंय यात. घाम कुठून जाणार?" कामतघरला आमच्याकडे आले की चहाच्या आधी न्हाणीघरात जाऊन तांब्याभर पाणी ओततात आणि ते जाईपर्यंत बघत उभे राहतात. मग बाहेर येऊन म्हणतात, "जातंय."

आमच्या सासूबाईंचं घर अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि त्याचं झाकण साडूंनीच आखलेलं; खडीतलं पाणी बाहेर काढणारा पाइप सासूबाईंच्या अंगणात उघडतो. सासूबाईंना त्याचं कौतुक शून्य. "पोरगी इंजिनेराला दिली, नि ह्यो उकिरडा सारवतो," असं त्या चारचौघांत सांगत. गेल्या श्रावणात पाऊस थांबायचं नाव घेईना. साडू आमच्याकडे जेवत होते. जेवता जेवता त्यांनी सासूबाईंना फोन लावला. "आई, डोंगराच्या पाइपातून पाणी येतंय ना?"

"न्हाय. बंद केलं मी," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "कचऱ्याचं पानी माज्या अंगनात? लूमच्या चिंद्या कोंबल्या चांगल्या!"

साडू हातातला घास टाकून उठले आणि मला ओढतच बाहेर पडले. रिक्षात त्यांनी मला एवढंच सांगितलं, की खडीतलं पाणी अडलं तर वरची माती जड होते आणि प्लास्टिकवरून घसरते. ती कुठे येणार, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पोचल्यावर पाहिलं तर पायथ्याशी गवत पोटासारखं फुगलं होतं. साडूंनी आधी सासूबाईंना दंडाला धरून लांबच्या शेजाऱ्यांकडे नेऊन बसवलं, मग चिखलात गुडघे टेकून चिंद्या ओढू लागले. सूत भिजून टम्म झालेलं, सुटता सुटेना. शेवटी बोळा निघाला आणि पाण्याच्या लोटाने साडू डोक्यावरून न्हाले. गवत हळूहळू खाली बसताना दिसलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी जाऊन सासूबाईंना शेजाऱ्यांकडून घेऊन आलो.

साडूंनी ओंजळभर पाणी सासूबाईंपुढे धरलं. "आई, हे कचऱ्याला शिवलेलंसुद्धा नाही. वरच्यावर बाहेर पडतं. पावसाचंच आहे."

"मंग आधी सांगाचं ना!"

खरंच होतं. पंगतीतल्या वाढप्यालासुद्धा खडीचा थर समजावणाऱ्या या माणसाने सासूपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ओल्या कपड्यांनी त्यांनी सगळं सांगितलं, पापड-भातासकट, आणि सासूबाईंनी मध्ये एकदाही न बोलता ऐकलं.

आता साडू दूर, परराज्यातल्या कुठल्याशा डोंगरावर असतात. सणालाही येणं जमत नाही. परवा सासूबाई आमच्याकडे आल्या. चहा ठेवला होता, तर त्या आधी न्हाणीघरात गेल्या. तांब्या ओतल्याचा आवाज आला आणि पाणी जाईपर्यंत त्या आतच थांबल्या. साडूंची फार आठवण आली. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"जातंय पानी," त्या म्हणाल्या. "त्याला फोन लाव. जेवला का इचार."