अकरा किलोची मुलगी आणि रिकामा कॅमेरा

किस्से हे माझ्या लेकीच्या, चिमीच्या, लहान झालेल्या झबल्यांसारखे असतात. टाकवत नाहीत, ट्रंकेत मावत नाहीत आणि पाहुणे आले की नेमकं ट्रंकेचं झाकण उघडतं! विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या वर्गात मी होते ते एकच वर्ष. मासिकाची मांडणी आणि चित्रपटतंत्र हे माझे विषय. पण वर्गातलं कुणी भेटलं की विषय राहतात बाजूला, झबलीच बाहेर निघतात.

*

सुरुवात प्रवेशाच्या मुलाखतीपासून. समोर विभागप्रमुख. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो.

“मूल केवढं आहे?”

“दीड वर्षाचं, सर.”

“मग घरी कोण बघणार?”

“सासूबाई आहेत, मिस्टर आहेत,” मी ठोकून दिलं. दोघांनाही अजून विचारलेलं नव्हतं.

सरांनी चष्मा काढला. “बाई, कॅमेरा हातात घेऊन तासन्‌तास उभं राहावं लागतं. जड असतो तो. कॅमेरा आणि मूल, दोन्ही नाही झेपायचं.”

मी तशी भित्री. चिमीला नुसती शिंक आली तरी मला न्यूमोनिया दिसतो. पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे!

“सर, मुलगी अकरा किलोची आहे. कॅमेरा किती किलोचा?”

सरांनी चष्मा परत लावला. प्रवेश मिळाला, पण शेपूट लावून. “तुम्ही मांडणीवर लक्ष द्या. कॅमेऱ्याचं आपण पुढं बघू. बायकांना मांडणी छान जमते. रांगोळी काढता ना!”

माझी रांगोळी अशी की दिवाळीत सासूबाई ती पुसून स्वतः काढतात.

वर्षाच्या शेवटी वर्गाला एकच खरी फिल्म मिळायची, एकच रोल, आणि तो कुणाच्या हातात द्यायचा हे सर ठरवायचे. तो रोल मीच चालवणार, असं मी घरी जाताना शहर बसमध्ये ठरवून टाकलं. पुंडलिकनगरचा थांबा येईपर्यंत निम्मा धीर सुटला होता, ते सोडा.

*

सकाळी चिमी सासूबाईंकडं. दुपारी त्यांचं भजन. “माझा देव काय तुझ्या कोर्साला बांधलेला नाय,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळं नवऱ्याची पहिली पाळी सुटली की वाळूजहून कंपनीची बस क्रांती चौकात यायची. तो उतरायचा, मी त्याच्या हातात चिमी आणि तिची पिशवी द्यायची आणि विद्यापीठाची बस पकडायची.

एकदा पिशव्या बदलल्या.

वर्गात सर म्हणाले, “प्रुफं काढा बाहेर.” मी हात घातला आणि टेबलावर आली दुधाची बाटली! मागोमाग लंगोट.

सरांनी बाटली उचलून उजेडात धरली. “ही कुठल्या पानावर घेताय?”

“पहिल्याच, सर. सध्या माझ्याकडं दुसरी बातमी नाही.”

तिकडं नवरा चौकात उभा होता. हातात रडणारी पोर, आणि पिशवीत प्रुफं, पट्टी, ब्लेड आणि डिंक.

*

मांडणी म्हणजे तेव्हा सगळं हातकाम. छापखान्यातून मजकुराच्या लांब पट्ट्या यायच्या. त्या ब्लेडनं कापायच्या आणि कोऱ्या पानावर डिंकानं डकवायच्या. घरी टेबल नव्हतं, मी पोळपाट पालथा घालून बसायची. एके दिवशी मागं वळून बघते तर मुख्य बातमीचा मथळा गायब, आणि चिमीचं तोंड चालू!

मी बोट घालून तिच्या तोंडातून ‘वसाहत’ काढली, पण ‘औद्योगिक’ गेलं ते गेलंच. शाई विषारी असते का, डॉक्टरकडं न्यावं का, मी कोर्स करते हीच मुळात चूक आहे का... माझं सुरू झालं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

“कशाची बातमी व्हती?”

“वाळूजच्या कारखान्यांची.”

सासूबाईंचं माहेर वाळूजकडचं. बापाचं रान त्याच कारखान्यांखाली गेलेलं.

“मग नाय पचायची तिला,” त्या शांतपणे म्हणाल्या. “सकाळी बघ, जशीच्या तशी परत यील.”

*

आता त्या कॅमेऱ्याचं सांगते. विभागात एकच होता, चावीवर चालणारा. रोल महाग, म्हणून वर्षभर सराव रिकाम्या कॅमेऱ्यावर. चावी भरून बटण दाबलं की तो रिकाम्या पोटीसुद्धा खऱ्यासारखा घरघरायचा. पोरं लाँग शॉट घ्यायची, क्लोज-अप घ्यायची, ‘कट!’ म्हणून ओरडायची. आत काही नाही! मला तोही फक्त पुसायला मिळायचा. पण पुसता पुसता चावी भरायला मी शिकून घेतलं, आणि घरी रिकामा डबा डोळ्याला लावून चिमीपुढं ‘कट!’चा सराव करायची.

आमच्यातला रावसाहेब पैठणकडचा. घरी मेंढरं. तो एका रविवारी कॅमेरा घेऊन गावी गेला आणि धरणाच्या काठानं चुलत्याला मेंढरांसकट दिवसभर वर-खाली फिरवलं. “तात्या, परत एकदा या. सावली आडवी आली.” तात्या परत आले. “तात्या, मेंढरं कॅमेऱ्याकडं बघू नगा म्हणावं.” तात्यांनी तेही मेंढरांना सांगितलं.

आठवड्यानं तात्या नवा पटका बांधून, एसटीनं, थेट विभागात हजर. “सिनेमा दावा.”

रावसाहेब टेबलाखाली. शेवटी सरांनीच समजावलं की सराव होता, कॅमेऱ्यात फिल्म नव्हती.

तात्यांनी कॅमेरा उचलून कानाशी हलवून बघितला. “म्हंजे आत काहीच नव्हतं?”

“नाही.”

“बरं झालं सांगितलं. रावश्या, पुढल्या रविवारी तुम्ही समदे जेवायला या. लई झाक मटण करतो. ताटात काहीच नसंल, पर सराव व्हईल!”

*

त्या वर्षी नामांतराचा वाद पुन्हा पेटला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून मोर्चे, बंद, दगडफेक. आमच्या वर्गातला गौतम भीमनगरला राहायचा. त्याच्या लहानपणी याच वादात गावातलं घर जाळलं गेलं आणि ते शहरात आले. हे त्यानं एकदाच सांगितलं होतं, चहा ढवळता ढवळता.

आणि नेमका आमच्या प्रायोगिक अंकाच्या मुखपृष्ठावर विद्यापीठाचं नाव घालायचा नियम! मांडणी माझी, म्हणजे वर्गाच्या ‘वहिनी’ची.

“जुनं घाला. कागदोपत्री तेच आहे,” सर म्हणाले.

“मग माझा लेख काढा,” गौतम म्हणाला.

माझं सासर गावाकडं जमीनदारांचं. घरात नामांतराचा शब्द निघाला की ताटं आपटायची. मी रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी मुखपृष्ठ सरांपुढं ठेवलं. वर अंकाचं नाव, आणि त्याखाली विद्यापीठाच्या नावाची पट्टी. कोरी!

“हे काय?”

“पांढरी जागा, सर. तुम्हीच शिकवलं, तीही मांडणीत धरायची.”

“आणि नाव?”

मी टेबलावरचा वाळलेला डिंक खरवडायला लागले. मागून गौतम म्हणाला, “वहिनींनी एसटीत रुमाल टाकलाय, सर! बसणारा यायचाय.”

वर्गात हशा फुटला. सर हसले नाहीत, पण त्यांनी मुखपृष्ठ परतही दिलं नाही. अंक तसाच छापला.

*

अंक आला त्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात बंद होता. कंपनीची बस येईना, सासूबाई गावी गेलेल्या आणि वर्षाखेरीची फिल्म कोण करणार हे सर त्याच दिवशी ठरवणार. मी चिमीला कडेवर घेतली आणि रिक्षा शोधली. रिक्षावाल्यानं विद्यापीठाच्या अलीकडं, बेगमपुऱ्यातच उतरवलं. “आगे पत्थर चलरे बाई, बच्ची को लेके किदर जाते?” मलाही तोच प्रश्न पडला होता. पुढं चालत गेले.

विभागात सर, रावसाहेब आणि गौतम, एवढेच. मी पोचते न पोचते तोच बाहेर आरडाओरडा. नामांतराच्या विरोधातली पंधरा-वीस पोरं, हातात काठ्या. जुनं नाव गाळलेल्या कोऱ्या पट्टीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, तीही गौतमच्या नावावर.

“अंक बाहेर काढा! कुठंय तो गौतम?”

सर दारात जाऊन उभे राहिले. जागचे हलले नाहीत. गौतमनं बाह्या सरसावल्या. रावसाहेबानं त्याला मागून मिठीच मारली.

आणि मी? मी पळून जायला दुसरं दार शोधत होते, खरं सांगते! दुसरं दार नव्हतं. टेबलावर कॅमेरा होता.

मी चावी भरली. डाव्या कडेवर चिमी, उजव्या हातात कॅमेरा, अशी सरांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि बटण दाबलं. घर्रर्र!

“वहिनी, आत रोल नाय!” रावसाहेब कुजबुजला.

“गप बस,” मी म्हटलं, आणि पुढच्या पोरावर कॅमेरा रोखला. “या, पुढं या. क्लोज-अप घेते.”

तो थबकला. “कशाला?”

“फिल्म चाललीय. चेहऱ्याखाली नाव द्यावं लागतं. सांगा, तुमचं नाव काय?”

त्यानं काठी पाठीमागं नेली. मी शेजारच्याकडं वळले. “तुमचं?”

त्यानं रुमाल तोंडावर ओढला. तिसरा तर मागच्याच्या पाठीआड गेला. “तुमचं? अहो, तुमचं तरी?”

कॅमेरा घरघरत होता, चावी संपत आली होती. तेवढ्यात चिमीनं वर्षभर ऐकलेला एकुलता एक तांत्रिक शब्द खणखणीत आवाजात सोडला.

“कत्!”

कोण आधी वळलं ते दिसलं नाही. पण गर्दी पांगली. नावासाठी एवढं रान उठवणारी पोरं, स्वतःचं नाव एकानंही सांगितलं नाही!

मग सर आत गेले, कपाट उघडलं आणि तो वर्षाचा एकुलता एक रोल माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी चिमीला सांभाळत एका हातानं कॅमेऱ्याचं झाकण उघडायला लागले. जमेना.

सरांनी दोन्ही हात पुढं केले. चिमीला माझ्या कडेवरून घेतलं, आणि एकदम खाली वाकले.

“बाई,” ते तिला सावरत म्हणाले, “प्रवेशाच्या वेळी तुम्ही मला फसवलंत. ही काही अकरा किलोची नाही!”